वीस दिवस कमी

वेल्समधल्या पोर्ट टॅलबटच्या फिलिप बर्टन नावाच्या शाळामास्तरांना १९४३ साली आपल्या एका विद्यार्थ्याला कायद्याने दत्तक घ्यायचं होतं. मुलगा तयार होता, त्याचे वडील तयार होते, ज्या बहिणीने त्याला लहानाचा मोठा केला तिचीही हरकत नव्हती. अडलं ते वयाच्या हिशेबात. दत्तक घेणारा मुलापेक्षा निदान २१ वर्षांनी मोठा हवा, असा तेव्हाचा नियम. मास्तरांचा जन्म ३० नोव्हेंबर १९०४ चा आणि मुलाचा १० नोव्हेंबर १९२५ चा. वीस दिवस कमी भरले. मग पालकत्वाचा करार झाला, वडिलांनी त्यावर सही केली आणि रिचर्ड जेन्किन्सचा रिचर्ड बर्टन झाला, पुढे रंगभूमीवर आणि पडद्यावर गाजलेला नट. या माणसाच्या आयुष्यात पुढे पाच लग्नं आहेत, ६९ कॅरटचा हिरा आहे, एलिझाबेथ टेलरबरोबरचं, रोममधलं ते जगभर गाजलेलं प्रकरण आहे. वाचणारा तिथे थांबतो, चघळतो आणि पुढे जातो. मला मात्र हे वीस दिवस सोडवत नाहीत. जगाने ज्याला बर्टनचा आवाज म्हटलं, तो जितका रिचर्डचा तितकाच या मास्तरांच्या हातचा. आणि कागदोपत्री मास्तर म्हणजे कोण, तर करारापुरते पालक.

मुलगा पॉन्ट्रिडवेन गावच्या खाणकामगाराचा, तेरा भावंडांतला बारावा. तो दोन वर्षांचा व्हायच्या आत, तेराव्या बाळंतपणानंतर काही दिवसांतच आई गेली आणि थोरली बहीण सिस त्याला टाइबाखला, पोर्ट टॅलबटच्या पोलाद कारखान्याच्या सावलीत, आपल्या संसारात घेऊन गेली. घरची बोली वेल्श; इंग्रजी शाळेतली. १९४१ मध्ये पैशांच्या ओढाताणीत शाळा सुटली आणि पोरगं को-ऑपरेटिव्हच्या दुकानात पुरुषांच्या कपड्यांच्या काउंटरमागे उभं राहिलं. युद्धाचे दिवस, कापड कुपनांवर. मेरेडिथ जोन्स नावाच्या दुसऱ्या एका शिक्षकांनी खटपट केली म्हणून पुढच्या वर्षी तो शाळेत परत आला, नाहीतर ही कथा त्या काउंटरवरच संपली असती. हायस्कुलातून एकदा बाहेर पडलेल्या मुलाला परत घेणं तेव्हा जवळजवळ न ऐकलेली गोष्ट होती.

मास्तर त्याला गावामागच्या डोंगरावर नेत. शेक्सपिअरच्या ‘हेन्री द फिफ्थ’मधली सूत्रधाराची भाषणं म्हणायला लावत आणि स्वतः एकेक पाऊल मागे सरकत जात. अट एकच. ओरडायचं नाही, पण मला ऐकू आलं पाहिजे.

हा व्यायाम ऐकायला सोपा वाटतो आणि त्यातच फसगत आहे. नाट्यगृहात भिंती आणि छत मदतीला असतात, आवाज परत फेकतात. डोंगरावर परत काहीच येत नाही. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. मास्तर दहा पावलांवरून वीस पावलांवर गेले की सहा गेले, वीसवरून चाळीसवर गेले की आणखी सहा, शिवाय समुद्रावरून येणारा वारा. अशा वेळी नवखा नट सगळा जोर गळ्यात आणतो. गळा आवळला की पट्टी चढते, खर्ज नाहीसा होतो, आणि मोठे होतात ते फक्त स्वर. व्यंजनं होती तिथेच राहतात. लांबच्या माणसाला कोणीतरी ओरडतंय एवढं कळतं, काय ओरडतंय ते कळत नाही. उपाय नेमका उलटा आहे. श्वास छातीच्या वरच्या भागात न भरता खालच्या बरगड्या फुलवून घ्यायचा, पट्टी जागेवर ठेवायची, स्वर थोडे लांबवायचे आणि शब्दाच्या टोकाला असलेल्या त, द, क, प यांना पुरती किंमत द्यायची. दुसरी खोड ओळीच्या शेवटाची. श्वास संपत आला की शेवटचा शब्द पडतो, आणि शेक्सपिअर महत्त्वाचा शब्द पुष्कळदा ओळीच्या शेवटीच ठेवतो. दहा अक्षरांची एक ओळ कुणाच्याही श्वासात बसते; पंचाईत होते ती एकच वाक्य चार-पाच ओळी वाहत जातं तेव्हा. तिथे श्वास कुठे चोरायचा हे आधीच ठरलेलं हवं, आणि तो चोरलाय हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये.

मास्तरांनी पोराचे वेल्श उच्चार घासूनपुसून काढले, पण चाल राहू दिली. मला ही त्यांची खरी हुशारी वाटते. वेल्श भाषेत जोर शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो आणि सूर पुष्कळदा त्याच्याही पुढे, शेवटच्या अक्षरावर चढतो. म्हणजे शब्द संपता संपता खाली बसत नाही. नटाला जे वर्षानुवर्षं घोटून शिकावं लागतं ते या मुलाच्या कानात घरून आणि चॅपेलमधल्या प्रवचनांतून आलेलं होतं. लोक म्हणतात, देवाने दिलेला आवाज. असेलही. पण तसा गळा त्या खोऱ्यात आणखी कितीतरी जणांना होता, आणि ते आयुष्यभर कोळसा खणत राहिले.

पुढचं भराभर झालं. नाटककार एम्लिन विल्यम्स यांना नव्या नाटकासाठी वेल्श मुलं हवी होती, त्यांनी ‘वेस्टर्न मेल’ या वर्तमानपत्रात जाहिरात दिली आणि १९४३ मध्ये रिचर्ड व्यावसायिक रंगभूमीवर आला. हवाई दलाच्या अभ्यासक्रमापोटी सहा महिने ऑक्सफर्ड मिळालं, तिथले प्राध्यापक नेव्हिल कॉगहिल यांनी त्याला शेक्सपिअरच्या ‘मेझर फॉर मेझर’मधला अँजेलो करायला दिला. १९४९ मध्ये ‘द लेडीज नॉट फॉर बर्निंग’मध्ये तो एका छोट्या कारकुनाच्या भूमिकेत होता. एका प्रवेशात त्याला फक्त फरशी घासायची असे, बोलायचं काम जॉन गिलगुड आणि पामेला ब्राउन यांचं. प्रेक्षक बघत फरशी घासणाऱ्याकडे. आवाजाचं कौतुक करताना हे विसरलं जातं की हा माणूस तोंड मिटून बसला तरी लोकांची नजर त्याच्यावरून हलत नव्हती.

१९५३–५४ च्या हंगामात लंडनच्या ओल्ड विक नाट्यगृहात त्याने हॅम्लेट केला. एका प्रयोगाला विन्स्टन चर्चिल पहिल्या रांगेत येऊन बसले आणि स्वगतं त्याच्याबरोबर, नीट ऐकू येतील अशी, म्हणू लागले. बर्टनने वेग वाढवला, वेग उतरवला, म्हातारबुवा सुटेनात. प्रयोगासाठी जिथे संहिता कापली होती तिथेच काय ते चुकले. हा किस्सा बर्टन स्वतः सांगे, आणि सांगताना मीठमसाला घालायला तो कचरत नसे, तेव्हा त्यातलं थोडं वजा करून घ्यावं. पण पुढचा भाग नोंदलेला आहे. १९६० मध्ये दूरचित्रवाणीवर चर्चिलच्या युद्धाच्या आठवणींची मालिका आली, तिच्यात चर्चिलचे शब्द बर्टनच्या आवाजात होते. १९७४ मध्ये तर त्याने खुद्द चर्चिलची भूमिका केली, आणि प्रसारणाच्या सुमारास ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून त्याच चर्चिलबद्दल मनात साठलेली चीड बाहेर काढली. चर्चिल गृहमंत्री असताना टॉनिपँडीच्या संपकरी खाणकामगारांविरुद्ध सैन्य पाठवलं गेलं होतं, आणि साउथ वेल्सच्या खाणकामगारांची घरं ते विसरली नव्हती. बीबीसीच्या नाट्यविभागाने त्याला दार बंद केलं. ज्याच्या आवाजात आपला आवाज मिसळला त्याच्याबद्दल इतकं टोकाचं लिहिणं शहाणपणाचं नव्हतं हे उघड आहे, पण तो खाणकामगाराच्या घरातलाच राहिला होता, हेही त्यातून दिसतं.

हॉलिवूडने त्याला बिघडवलं, ही तक्रार १९५३ पासूनची. त्या वर्षीचा ‘द रोब’ हा सिनेमास्कोपमधला पहिला प्रदर्शित चित्रपट, आणि बर्टन त्यात लाकडी दिसतो, यात वाद नाही. पण दोष कोणाचा ते बघायला हवं. सिनेमास्कोपचं भिंग चित्र आडवं दाबून फिल्मवर घेई आणि प्रोजेक्टरवरचं भिंग ते पुन्हा ताणून पडद्यावर २.५५ ला १ या प्रमाणात पसरवी. सुरुवातीच्या भिंगांत हे दाबणं सगळीकडे सारखं नसे. कॅमेरा जवळ नेला की पडद्याच्या मध्यावरचा चेहरा गालफुगी झाल्यासारखा रुंद दिसे. मग जवळची दृश्यं टाळायची, नटांना एका ओळीत उभं करायचं आणि कॅमेरा लांब ठेवायचा. शिवाय सगळीच चित्रपटगृहं नव्या पडद्याला तयार नव्हती म्हणून हाच चित्रपट साध्या मापातही वेगळा चित्रित केला गेला. अशा मांडणीत नाटकातून आलेला २७ वर्षांचा नट नाटकातल्यासारखंच करणार. आवाज फेकणार, हात पसरणार. या भूमिकेसाठी त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. एकूण सात नामांकनं झाली, पुरस्कार एकही नाही. दोन वर्षांनी ‘द रेन्स ऑफ रांचीपूर’मध्ये त्याच मंडळींनी त्याला फेटा बांधून डॉक्टर सफ्ती नावाचा हिंदुस्थानी केलं. आपल्याकडच्या कुणी तो पाहिला नसेल तर काही बिघडलेलं नाही.

त्याच सुमाराची दुसरी गोष्ट रेडिओवरची, आणि ती ‘द रोब’च्या अगदी दुसऱ्या टोकाला. वेल्श कवी डिलन थॉमस नोव्हेंबर १९५३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वारला आणि २५ जानेवारी १९५४ ला बीबीसीच्या थर्ड प्रोग्रॅमवर डग्लस क्लेव्हरडन यांनी त्याचं ‘अंडर मिल्क वुड’ हे श्रुतिनाट्य सादर केलं. त्यातला ‘पहिला आवाज’, म्हणजे निवेदक, बर्टन. डोंगरावर जे कमावलं ते इथे जसंच्या तसं चालणारं नव्हतं. मायक्रोफोनच्या जवळ गेलं की खर्ज आपोआप फुगतो; ज्याचा आवाज आधीच भारदस्त आहे त्याचा नुसता गडगडाट होतो. ‘प’ आणि ‘ब’चा वारा थेट आत गेला की धप् धप् आवाज येतो, म्हणून तोंड किंचित तिरकं धरावं लागतं. दूरवर फेकायचा जोर काढून घ्यायचा, पण शब्दांच्या कडा तशाच धारदार ठेवायच्या. रात्रीच्या गावाचं ते सुरुवातीचं वर्णन बर्टन जवळजवळ कुजबुजीत म्हणतो. वाक्य लांबच लांब, विशेषणांवर विशेषणं, तरी एकही शब्द दुसऱ्यात बुडत नाही. सगळ्या चित्रपटांतून एकच काही वाचवायचं म्हटलं तरी मी चित्रपट सोडून हे ध्वनिमुद्रण उचलेन.

कॅमेऱ्यापुढे काय करायचं ते तो एलिझाबेथ टेलरकडून शिकला, जी पुढे त्याची बायको झाली. ‘क्लिओपात्रा’च्या सेटवर त्याला वाटलं, ही बाई काहीच करत नाही. मग चित्रित झालेले तुकडे पाहिले आणि तो चाट पडला. सेटवर जे दिसत नव्हतं ते सगळं पडद्यावर होतं. टेलर दहा वर्षांची असल्यापासून कॅमेऱ्यासमोर वाढलेली. डोळ्यांची पापणी कधी हलवायची नाही हे तिला शिकवावं लागलं नव्हतं. त्यांच्या भांडणांवर आणि हिऱ्यांवर शाई सांडणाऱ्यांनी हा एक धडा सहसा पाहिलेला नाही. १९६५ च्या ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’मध्ये त्याचं फळ दिसतं. दिग्दर्शक मार्टिन रिट यांना तो प्रसिद्ध आवाज नकोच होता, त्यावरून दोघांत धुसफूस चाले. ओस्वाल्ड मॉरिसच्या राखाडी छायाचित्रणात बर्टन खांदे पाडून, कोटाच्या खिशात हात घालून चालतो, वाक्यं अर्ध्या दमात टाकून देतो. दोन-तीन ठिकाणीच आवाज उघडतो, आणि तेव्हा कळतं की इतका वेळ हा किती दाबून धरलाय.

आणि मग १९६४ चा हॅम्लेट.

हा प्रयोग न्यूयॉर्कच्या लंट-फॉन्टॅन थिएटरात ९ एप्रिलला सुरू झाला आणि १३७ प्रयोग चालला. दिग्दर्शक गिलगुड. हेच गिलगुड ओल्ड विकच्या वेळी बर्टनला जेवायला न्यायला रंगपटात आले होते आणि ‘तू तयार होईपर्यंत थांबू का’ म्हणायच्या ऐवजी ‘तू सुधारेपर्यंत थांबू का’ असं त्यांच्या तोंडून निसटलं होतं. त्यांची कल्पना अशी की वेशभूषेच्या तालमीआधीची शेवटची सलग तालीम असते तसा प्रयोग दिसावा. साधे कपडे, लाकडी पायऱ्या आणि फळ्या. राजाच्या भुताची नुसती सावली, आवाज गिलगुड यांचाच. कागदावर हे स्वस्त आणि सोपं. प्रत्यक्षात नटांनी घरून आणलेले कपडे दिव्यांखाली विचित्र दिसू लागले. एकाचा स्वेटर राजबिंडा, दुसऱ्याची पँट विनोदी, आणि पाहणाऱ्याला पात्रांची नाती कळेनात. म्हणून जेन ग्रीनवुड यांना ‘साधे’ कपडे पुन्हा पुन्हा बदलून निवडून द्यावे लागले. बर्टनच्या वाट्याला काळा स्वेटर आला तो शेवटपर्यंत राहिला. टोरंटोच्या तालमींत सूर जमेना तेव्हा टेलरने फोन करून फिलिप बर्टनना बोलावून घेतलं. रिचर्डने पहिल्या बायकोला सोडल्यापासून मास्तर आणि त्याच्यात अबोला होता. मास्तर आले. अडतीस वर्षांच्या, जगातल्या सर्वांत महागड्या नटांपैकी एकाला त्यांनी हॅम्लेटच्या ओळी पुन्हा समजावल्या.

३० जून आणि १ जुलैला प्रेक्षकांसमोरच या नाटकाचं इलेक्ट्रॉनोव्हिजन नावाच्या पद्धतीने चित्रण झालं. दूरचित्रवाणीच्या धाटणीचे इलेक्ट्रॉनिक कॅमेरे, रंगमंचावरचेच दिवे, मग ते चित्र फिल्मवर उतरवायचं. सप्टेंबरमध्ये सुमारे हजार चित्रपटगृहांत ते दोन दिवस दाखवलं, आणि त्यानंतर सगळ्या प्रती नष्ट करायच्या असा करार होता. बर्टन गेल्यावर त्याच्या गॅरेजमध्ये एक प्रत निघाली म्हणून आज आपल्याला ते पाहता येतं. चित्र करडं आणि धूसर आहे, काळा स्वेटर मागच्या अंधारात विरघळतो. मुख्य अडचण निराळीच. बर्टन बोलतोय शेवटच्या रांगेसाठी आणि कॅमेरा आहे त्याच्या गालापाशी. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी तो उगाच गर्जतोय असं वाटतं. काही ठिकाणी खरोखरच गर्जतो. दुःखी, विचारात बुडालेला राजपुत्र शोधणाऱ्यांची निराशा होईल. हा हॅम्लेट चिडका आहे, थट्टेखोर आहे आणि त्याला घाई आहे. पण ह्यूम क्रोनिनच्या पोलोनियसला तो ज्या मिश्कीलपणे घोळवतो ते पाहावं. शब्द चेंडूसारखा टाकायचा, समोरच्याला वाटेल झेलला, आणि तो हातात पडायच्या आत दुसरा टाकायचा. क्रोनिनला त्या भूमिकेसाठी ब्रॉडवेचं टोनी पारितोषिक मिळालं, यात बर्टनचाही वाटा आहे असं माझं मत.

त्याने स्वतःला वाया घालवलं, असं इंग्लंडमधले लोक अजून म्हणतात. हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असल्यामुळेच चिकटलं. चित्रपटामुळे तो वाया गेला नाही. ‘हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वूल्फ’मधला लोकरी कार्डिगन घातलेला प्राध्यापक ओल्ड विकमध्ये जन्मलाच नसता. वाया घालवलं ते दारूने आणि पैशांसाठी घेतलेल्या कामांनी. १९६८ मध्ये थोरला भाऊ आयफर स्वित्झर्लंडमधल्या सेलिनीच्या घरी पडला, मान मोडली, अंग लुळं पडलं आणि चार वर्षांनी तो गेला. आयफर म्हणजे रिचर्डचा लहानपणापासूनचा आदर्श. त्यानंतरच्या रोजनिशा वाचताना पिण्याचं प्रमाण वाढलेलं डोळ्यांवर येतं. दिवसाला तीन बाटल्या, हा त्याचाच हिशेब. १९७४ मध्ये ‘द क्लॅन्समन’च्या चित्रणानंतर त्याला कॅलिफोर्नियात इस्पितळात ठेवावं लागलं. दारूने नटाचा पाठांतरावरचा भरवसा जातो. ओळ येईल की नाही या धास्तीत तो समोरच्याचं ऐकणं बंद करतो, आणि मग नुसता आवाज उरतो. सत्तरच्या दशकातल्या त्याच्या कितीतरी चित्रपटांत हेच झालंय. सुंदर आवाज, आणि त्यात कोणी राहत नाही. पुढे मणक्याने दगा दिला. १९८१ मध्ये ‘कॅमलॉट’ या संगीत नाटकाचा, ज्यात तो राजा आर्थर होता, दौरा अर्धवट टाकून शस्त्रक्रियेला जावं लागलं, राजमुकुट रिचर्ड हॅरिसच्या डोक्यावर गेला.

शेवटचा चित्रपट योगायोगाने मिळाला. १९६७ च्या ऑस्करला बर्टनच्या प्राध्यापकाला मागे टाकून पुरस्कार नेला होता पॉल स्कोफील्डने. ऑर्वेलच्या कादंबरीवरच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’मधला ओब्रायन, म्हणजे छळ करून कबुली घेणारा अधिकारी, याच स्कोफील्डला दिला होता, पण त्याच्या पायाला दुखापत झाली आणि चित्रण सुरू असतानाच बर्टनला बोलावलं गेलं. साधा बॉयलर सूट होता, तोही म्हणे त्याने लंडनच्या सॅव्हिल रोमधल्या शिंप्याकडून शिवून घेतला. चैन काही सुटली नव्हती. मान नीट वळत नव्हती. पण ते वळता न येणं त्याने भूमिकेत घेतलं. जॉन हर्टने केलेला नायक विन्स्टन स्मिथ खाटेला बांधलेला असताना ओब्रायन त्याच्याशी चांगला मास्तर बोलतो तसा बोलतो. रागावत नाही, घाई करत नाही, चुकलं की पुन्हा विचारतो. खर्ज लावलेला नाही, चाल नाही. सपाट, थकलेलं, जवळजवळ मायेचं बोलणं. ५ ऑगस्ट १९८४ ला जिनिव्हात मेंदूतल्या रक्तस्रावाने तो गेला, ५८ वर्षांचा. चित्रपट ऑक्टोबरमध्ये लागला.

बर्टन नव्याने पाहायचा असेल तर सुरुवात ‘द स्पाय’ने करावी, मग दिवा मालवून ‘अंडर मिल्क वुड’ ऐकावं, मग तो करडा हॅम्लेट. ओब्रायन त्यानंतर, कारण काय काय काढून टाकलंय ते आधीचं ठाऊक असल्याशिवाय कळत नाही. ‘द रोब’ पावसाळ्यात, दुसरं काही सापडत नसेल तेव्हा.